सुमात्राच्या वर्षावनात गेंडा शोधतात तरी कसा? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेंडा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काझीरंगा येतं: उघडं गवताळ रान, हत्तीवरून किंवा जीपमधून दिसणारा चिलखती प्राणी. त्यामुळे इंडोनेशियातल्या गेंड्यांविषयी काही लिहिलं की 'इतका मोठा प्राणी सापडत कसा नाही?' हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येतच राहतो. अशा प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, पुढचे अडचणीचे. एका उत्तरात आलेला मुद्दा दुसऱ्यात पुन्हा न सांगता तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तुम्ही नेमक्या कुठल्या गेंड्याबद्दल बोलताय?

मुख्यतः सुमात्री गेंड्याबद्दल. जगात गेंड्याच्या पाच जाती उरल्या आहेत आणि त्यांतला हा सर्वांत लहान. खांद्यापाशी उंची साधारण सव्वा मीटर, वजन पाचशे ते आठशे किलोच्या घरात. आशियातला हा एकमेव दोन शिंगांचा गेंडा. दुसरं शिंग मात्र बऱ्याचदा नुसतं टेंगूळ वाटावं इतकं छोटं असतं. अंगावर तांबूस-तपकिरी केस असतात. कळपात राहत नाही, गवतावर चरत नाही. दाट जंगलात एकटा फिरतो आणि पानं, कोवळ्या फांद्या, पडलेली फळं खातो. काही उत्तरांत जावन गेंडाही येईल. तो आता फक्त जावा बेटाच्या पश्चिम टोकाला, उजुंग कुलोन राष्ट्रीय उद्यानात उरला आहे. दोघांच्या शोधाच्या पद्धती मात्र बऱ्याच वेगळ्या आहेत (प्रश्न ९).

२. हा भारतात कधी होता का?

होता. त्याची उत्तरेकडची उपजात आसामपासून मणिपूर-मिझोरमच्या डोंगरांपर्यंत आणि पुढे चितगाव, म्यानमारपर्यंत पसरलेली होती. १८६८ मध्ये चितगावजवळ दलदलीत रुतलेली एक मादी पकडली गेली. तिचं नाव 'बेगम' ठेवलं आणि १८७२ मध्ये ती लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पोचली. तिच्या कानांवरच्या लांब केसांवरूनच या उपजातीचं वर्णन झालं. १८८९ मध्ये कलकत्त्याच्या प्राणिसंग्रहालयात या जातीचं एक पिल्लू जन्मलं होतं. त्यानंतर माणसाच्या ताब्यात असलेल्या सुमात्री गेंड्याला पिल्लू व्हायला २००१ साल उजाडावं लागलं. उत्तरेकडची उपजात आता नामशेष धरतात.

महाराष्ट्रात हा प्राणी असल्याचा पुरावा नाही. दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेल्या ब्राँझच्या वस्तूंमध्ये जो चाकांवरचा गेंडा आहे, त्याचा याच्याशी संबंध जोडू नका.

३. सर्वेक्षण म्हणजे गणनाच ना?

नाही. इथेच बहुतेकांचा घोळ होतो. गणना सांगते 'किती आहेत'. वितरणाचं सर्वेक्षण सांगतं 'कुठे कुठे आहेत'. हजारो चौरस किलोमीटरच्या जंगलात पन्नाससुद्धा जनावरं नसतील, तर 'किती' या प्रश्नाला धड उत्तर मिळत नाही, पण 'कुठे' याला मिळू शकतं. आणि गस्तीची माणसं कुठे पाठवायची, कुठला रस्ता होऊ द्यायचा नाही, हे 'कुठे' यावरच ठरतं. बातम्यांमध्ये दोन्ही आकडे सर्रास एकत्र कालवलेले असतात. 'अमुक चौरस किलोमीटरमध्ये वास्तव्य' याचा अर्थ 'अमुक इतके गेंडे' असा होत नाही.

४. गेंडा दिसतच नाही, तर ही माणसं जंगलात शोधतात काय?

खुणा. सुमात्रात वर्षानुवर्षं गस्त घालणाऱ्यांपैकी अनेकांना जंगलात गेंडा प्रत्यक्ष दिसलेला नसतो. पण त्याचा माग त्यांना वाचता येतो.

सगळ्यांत बोलकी खूण म्हणजे लोळायचं डबकं. उन्हाच्या वेळी हा गेंडा दोन-तीन तास चिखलात पडून राहतो. त्यासाठी तो साचलेलं डबकं पायांनी आणि शिंगानं उकरून खोल करतो. डबक्याच्या काठावर शिंगाचे ओरखडे असतात, चिखलात केस सापडतात, आणि बाहेर पडल्यावर ज्या झाडांना अंग घासलं त्यांच्या बुंध्यांवर चिखलाचे पट्टे असतात. पट्टा जमिनीपासून किती उंच आहे, यावरून जनावर केवढं असेल याचा अंदाज येतो. चिखल ओला आहे की वाळून पोपडे धरलेत, यावरून ते कधी येऊन गेलं ते कळतं.

दुसरी खूण मुरगळलेली रोपटी. वाटेतलं कोवळं झाड गेंडा पिळून वाकवतो. त्यातली काही खाण्यासाठी असतात, काही नुसती 'मी इथून गेलो' हे सांगण्यासाठी. उंचावरची पानं हवी असली तर रोपट्यावर छाती घालून ते आडवं करतो आणि पायांखाली घेतो. हत्तीही झाडं मोडतो, म्हणून मोडलेलं झाड दिसलं की लगेच 'गेंडा' असं लिहून चालत नाही. आजूबाजूला ठसे किंवा लीद आहे का, ते आधी पाहावं लागतं.

शिवाय लीद असते, मूत्राचे फवारे मारलेली झुडपं असतात, पायांनी खरवडलेली जमीन असते. मिठाची चाटण असेल तिथे गेंडा फिरून फिरून येतो. डोंगराच्या धारेवरून आणि नदीच्या कडेनं त्याच्या ठरलेल्या वाटाही असतात.

अडचण अशी की वर्षावन खुणा टिकू देत नाही. एक जोराची सर आली की मातीवरचा ठसा गेला. शेणकिडे लीद झपाट्यानं फस्त करतात. आज काही सापडलं नाही म्हणून काल काही नव्हतं असं म्हणता येत नाही. हा मुद्दा पुढे प्रश्न ७ मध्ये सविस्तर आहे.

५. ठसा गेंड्याचाच हे कशावरून? टापीरही तिथेच असतो ना?

असतो (टापीर म्हणजे गेंड्याचाच दूरचा नातेवाईक, छोट्या सोंडेचा शाकाहारी प्राणी), आणि नवख्या माणसाला तो हमखास फसवतो. गेंड्याच्या चारही पायांना तीन-तीन बोटं. टापीरच्या पुढच्या पायाला चार, मागच्याला तीन. चालताना टापीरचा मागचा पाय बऱ्याचदा पुढच्याच्या ठशावर पडतो, त्यामुळे उरतो तीन बोटांचा ठसा. मग पाहायची ती रुंदी: वयात आलेल्या गेंड्याचा ठसा साधारण वीस सेंटीमीटरचा, टापीरचा त्याहून स्पष्ट लहान. पण गेंड्याच्या पिल्लाचा ठसा मोठ्या टापीरइतकाच असू शकतो. शंका असली तर एका ठशावर निकाल न देता माग धरून पुढे जायचं आणि दहा-बारा ठसे पाहायचे. हट्टानं 'गेंडाच' लिहिणारा सर्वेक्षक आणि भीतीनं 'माहीत नाही' लिहिणारा, दोघंही नकाशा बिघडवतात. पण पहिला जास्त बिघडवतो, असं माझं मत.

६. नकाशावर ते चौकोन कशासाठी आखतात?

एवढं जंगल पायी पिंजून काढणं अशक्य असतं म्हणून. सुमात्रात वाघांच्या बेटभर पाहणीत १७ किलोमीटर बाजूचे, म्हणजे २८९ चौरस किलोमीटरचे चौकोन वापरले होते. चौकोनाचा आकार अंदाजपंचे ठरत नाही. एका जनावराचा वावर किती मोठ्या भागात असतो हे डोळ्यांसमोर ठेवून तो आखतात. चौकोन फार लहान घेतला तर एकच गेंडा चार चौकोनांत 'आहे' दिसतो. फार मोठा घेतला तर एका कोपऱ्यातल्या ठशावरून सगळा डोंगर 'गेंड्याचा' होतो.

प्रत्येक चौकोनात पथक ठरावीक अंतर चालतं. त्या चालीचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात 'खूण मिळाली' किंवा 'नाही' एवढंच नोंदवतात. एकाच चौकोनातून असे अनेक तुकडे का, याचं उत्तर पुढच्याच प्रश्नात आहे.

७. शोधूनही सापडला नाही, म्हणजे तिथे नाहीच ना?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच. उत्तर 'नाही' असं आहे, आणि ते आकड्यांत समजून घेतलेलं बरं.

समजा एका चौकोनात गेंडा खरोखरच आहे. आणि समजा त्या चौकोनातल्या एका तुकड्यात चालल्यावर खूण मिळण्याची शक्यता २५ टक्के आहे. एक तुकडा चाललात तर हुकण्याची शक्यता ७५ टक्के. चार तुकडे चाललात आणि चारही वेळा हुकलात, याची शक्यता अजूनही जवळजवळ ३२ टक्के उरते. दहा तुकड्यांनंतर ती ६ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे चार तुकडे चालून 'इथे गेंडा नाही' असा शेरा मारणारा माणूस, गेंडा असलेल्या दर तीन चौकोनांपैकी एकावर काट मारत असतो.

म्हणून या पद्धतीत दोन गोष्टी एकाच वेळी काढतात: चौकोनात गेंडा असण्याची शक्यता, आणि असला तर खूण मिळण्याची शक्यता. काही तुकड्यांत खूण मिळाली आणि काहींत नाही, अशा चौकोनांवरून दुसरी शक्यता कळते. मग ती वापरून, जिथे काहीच मिळालं नाही त्या चौकोनांविषयीचा अंदाज सुधारतात.

यातही एक खोच आहे. गेंडा वाटेनं चालतो आणि पथकही बहुधा त्याच वाटेनं चालतं. एका तुकड्यात ठसा मिळाला तर लगतच्या तुकड्यातही मिळण्याची शक्यता वाढते. म्हणजे दहा तुकडे हे दहा स्वतंत्र प्रयत्न ठरत नाहीत. सुमात्राच्या अभ्यासात (प्रश्न ८) याची दखल घेणारं गणिती प्रारूप वापरलं होतं. ती घेतली नाही तर आपला शोध होता त्यापेक्षा पक्का वाटू लागतो.

८. मग सुमात्रात काय निघालं?

२००७ ते २०१० या काळात ३०,३४५ चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात सर्वेक्षण झालं. ते २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. तीन ठिकाणं होती. उत्तरेकडच्या लेउसेर परिसरात (२००७) वास्तव्याचं प्रमाण (पाहणीच्या क्षेत्रातला किती भाग गेंड्याच्या वावराचा, तो वाटा) ०.१५१ निघालं, म्हणजे सुमारे २,३७१ चौरस किलोमीटर. वाय कांबासमध्ये (२००८) ०.४६८, म्हणजे ६३४ चौरस किलोमीटर. आपल्या ताडोबाच्या गाभा क्षेत्राएवढंच जवळपास. बुकित बारिसान सलातानमध्ये (२०१०) ०.३२२, म्हणजे ८२० चौरस किलोमीटर.

हे आकडे वाचताना त्यांच्यासोबतची चूकमर्यादा पाहायला विसरू नका. लेउसेरच्या ०.१५१ ला प्रमाणित त्रुटी ०.१०९ आहे. म्हणजे तो आकडा बराच सैल आहे. बुकित बारिसानची त्रुटी ०.०४९, तिथला अंदाज त्या मानानं घट्ट.

लेउसेर आणि बुकित बारिसानमध्ये कोरड्या जमिनीवरचं मूळ, न तोडलेलं जंगल आणि नद्या जिथे, तिथे गेंडा असण्याची शक्यता जास्त निघाली. लेउसेर आणि वाय कांबासमध्ये रस्ता असेल तिथे ती कमी निघाली. गेंडा रस्त्याला बुजतो की रस्त्यावरून आलेला शिकारी त्याला संपवतो, हे असल्या आकड्यांवरून सांगता येत नाही.

९. कॅमेरा ट्रॅप लावले की संपलं, एवढं चालायचं कशाला?

कॅमेरा ट्रॅप म्हणजे समोर जनावर आलं की आपोआप चित्र टिपणारा कॅमेरा. जावामध्ये खरंच बऱ्याच अंशी तसंच झालं. उजुंग कुलोनचं जंगल लहान, गेंडे एकाच द्वीपकल्पात कोंडलेले. २०१३ मध्ये तिथे १७८ व्हिडिओ कॅमेरे लावून एकेक गेंडा ओळखला गेला. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या, कातडीच्या घड्या, कानांवरच्या खुणा, शिंग यांवरून ६२ गेंड्यांचा अंदाज निघाला.

लेउसेरला हे जमवणं कठीण. क्षेत्र अवाढव्य, चढउतार भयंकर, आणि गेंडे इतके विरळ की शेकडो कॅमेरे महिनोन् महिने डुकरं, भेकरं आणि ढगच टिपत बसतात. दमट हवेनं भिंगावर बुरशी धरते, मुंग्या आत घर करतात, हत्ती कुतूहलानं कॅमेरा उपटून टाकतात. चिखलानं माखलेले दोन सुमात्री गेंडे वेगळे ओळखणंही सोपं नसतं. म्हणून आधी पायी फिरून खुणांचा पट्टा शोधायचा आणि मग त्याच पट्ट्यात कॅमेरे लावायचे, हा क्रम शहाणपणाचा.

१०. पूर्वी वाघ ठशांवरून मोजायचे, तसे गेंडे नाही मोजता येणार?

मोजत होते. उजुंग कुलोनमध्ये १९६७ पासून ठशांच्या रुंदीवरून गेंडे मोजायला सुरुवात झाली आणि ती पद्धत अनेक वर्षं चालली. कल कळायला ती उपयोगी होती. पण एकाच जनावराचा ठसा मऊ चिखलात रुंद आणि घट्ट मातीत अरुंद उमटतो, हे मागावर चालणाऱ्या कुणालाही माहीत असतं. आपल्याकडे याच चुकीची किंमत राजस्थानातल्या सरिस्कात कळली. कागदावर वाघ होते आणि २००५ मध्ये लक्षात आलं की जंगलात एकही उरलेला नाही. ठशावरून 'इथे गेंडा आहे' म्हणणं ठीक. ठशावरून 'हा तोच गेंडा' म्हणताना हात आखडता घ्यावा.

११. ड्रोन, कुत्रे, डीएनए यांचं काय?

ड्रोनला वरून झाडांचे शेंडे दिसतात, गेंडा नाही. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यालाही तीन-चार थरांच्या पानांआडचं नीट दिसत नाही. लिदीतला डीएनए मात्र खरोखर उपयोगी आहे, अट एवढीच की लीद ताजी हवी. त्यासाठीच शोधकुत्री.

याचं सर्वांत ठळक उदाहरण व्हिएतनामचं आहे. कात तिएन राष्ट्रीय उद्यानात जावन गेंड्याची मुख्य भूमीवरची शेवटची वस्ती होती. २००९-१० मध्ये कुत्र्यांच्या मदतीनं लिदीचे २२ नमुने गोळा झाले. एप्रिल २०१० मध्ये तिथे एक गेंडा मेलेला आढळला. पायात गोळी होती, शिंग कापून नेलेलं. तपासणीत बावीसही नमुने त्या एकाच जनावराचे निघाले. २०११ मध्ये तिथून जावन गेंडा संपल्याचं जाहीर झालं. नुसत्या खुणा मोजल्या असत्या तर 'बऱ्याच ठिकाणी लीद मिळते' एवढंच कळलं असतं.

१२. दर काही वर्षांनी आकडा घसरतो. गेंडे मरताहेत की आधीचं मोजमाप चुकीचं होतं?

दोन्ही. २००८ च्या सुमाराला सुमात्री गेंडे २२० ते २७५ असल्याचं सांगितलं जायचं. २०१३ च्या सिंगापूर परिषदेत शंभराच्या आत. २०१९ मध्ये ८० पेक्षा कमी. २०२२ च्या अहवालात ३४ ते ४७. शिकार आणि फासे यांमुळे जनावरं मेली, हे खरंच. पण जुने आकडे बऱ्याचदा 'इतकं जंगल, त्यात इतके मावतील' अशा हिशेबाचे होते. सुमात्रातल्याच केरिंची सेब्लात राष्ट्रीय उद्यानात एके काळी शेकडो गेंडे सांगितले जायचे. आज तिथे एकही उरला नसल्याचं मानतात. फुगलेल्या आकड्याचा तोटा असा की 'अजून बरेच आहेत' म्हणत निर्णय लांबणीवर पडतो. मला विचाराल तर, मेलेल्या प्रत्येक गेंड्यामागे शिकाऱ्याइतकाच तो कागदावरचा आकडाही आहे.

१३. नेमका नकाशा का छापत नाहीत? लपवाछपवी वाटते.

मुद्दामच छापत नाहीत. प्रश्न ८ मधल्या अभ्यासातही चौकोनांच्या जागा जाणूनबुजून उलटसुलट करून दाखवल्या होत्या. एकूण प्रमाण खरं, ठिकाणं मात्र खरी नव्हेत. ज्याला गेंडा मारायचा आहे त्याच्यासाठी अचूक नकाशा म्हणजे आयतं आमंत्रण. ही भीती उगाच नाही. जावामध्ये २०२४ मध्ये पकडलेल्या टोळ्यांनी २०१९ पासून २६ गेंडे मारल्याचं पोलिसांनी सांगितलं. एकाला १२ वर्षांची शिक्षा झाली. म्हणून असल्या जंगलात काढलेला फोटो टाकताना त्यातली जागेची माहिती काढून टाका. हे आपल्याकडच्या वाघाच्या गुहांनाही लागू आहे.

१४. 'संपला' म्हटल्यावर पुन्हा सापडला, असं झालंय का?

झालंय. बोर्निओच्या इंडोनेशियाई भागात, कालिमांतानमध्ये, हा गेंडा संपला असंच धरलं होतं. २०१३ मध्ये पूर्व कालिमांतानात ठसे, डबकी आणि मग कॅमेऱ्यातलं चित्र मिळालं. २०१६ मध्ये तिथे एक मादी पकडली, पण फाशामुळे पायाला झालेली जखम चिघळून ती काही आठवड्यांत गेली. २०१८ मध्ये 'पाहू' नावाची दुसरी मादी पकडून केलियानच्या गेंडा केंद्रात सुखरूप ठेवली. उलटही घडतं. मलेशियात वर्षानुवर्षं 'असतील कुठे तरी' म्हणत राहिले. २०१५ मध्ये जंगलातून तो संपल्याचं मान्य झालं, आणि ताब्यातली शेवटची मादी नोव्हेंबर २०१९ मध्ये गेली.

१५. रस्त्यापासून दूर राहतो म्हणता, मग गावात कसा आला?

अशी उदाहरणं आहेत. मलेशियाच्या साबा राज्यात २००८ मध्ये 'ताम' नावाचा नर पाम तेलाच्या मळ्यात फिरताना सापडला. बुकित बारिसानच्या भागातली 'रोसा' तर माणसांना बुजेनाशी झाली होती. तिला २००५ मध्ये वाय कांबासच्या गेंडा केंद्रात हलवावं लागलं. तिथे आठ गर्भपातांनंतर मार्च २०२२ मध्ये तिला पिल्लू झालं. अशा नोंदी वितरणाच्या गणितात इतर नोंदींसारख्या मिसळू नयेत. जिथे अशी एकटी जनावरं भटकतात तो मळा त्यांचा अधिवास नव्हे. जोडीदार न मिळाल्यानं ती लांब लांब जात असावीत. नोंद करा, पण वेगळ्या रकान्यात.

१६. एका चौकोनात एकच गेंडा उरला असेल, तर नकाशावर 'आहे' लिहायचं की नाही?

नियमानं 'आहे'. पण कात तिएनच्या नकाशावरही शेवटपर्यंत 'आहे'च होतं (प्रश्न ११). या जातीची मादी बराच काळ गाभण राहिली नाही तर तिच्या गर्भाशयात गाठी होतात आणि पुढे नर मिळाला तरी पिल्लू होणं अवघड होतं. म्हणून आता नुसतं 'आहे' एवढं पुरत नाही. मोठ्या ठशाच्या बाजूनं लहान ठसा चाललाय का, हे मागावरची माणसं मुद्दाम पाहतात. तसा माग मिळाला तर दोन्ही ठशांची रुंदी, दिशा आणि तारीख वेगळी लिहितात, आणि पुढच्या फेरीत त्याच पट्ट्यात पुन्हा जातात; पिल्लाचा ठसा वाढलाय का ते पाहायला. (लहान ठसा टापीरचा नाही ना, यासाठी प्रश्न ५.)